गाण्याचा मानकरी

तुळजापूरला कुठल्या सेवेचा मान कुणाचा, हे कुणाला शोधत बसावं लागत नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी ज्या पलंगावर निद्रा घेते तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात घडतो आणि गावोगाव थांबत तुळजापूरला पोचतो. पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. कोणत्या घराण्यानं काय आणायचं, खांदा कुणी द्यायचा, सगळं ठरलेलं. मानापानावरून महाराष्ट्रातली किती देवस्थानं कोर्टाची पायरी चढली, ते वेगळं सांगायला नको.

एवढ्या मानकऱ्यांच्या गर्दीत गाण्याला मात्र मानकरी नाही. गाणाऱ्यांना आहे. गोंधळ्यांची घराणी आहेत, त्यांच्यात रेणुराई आणि कदमराई असे भेद आहेत, कुणाच्या घरचा गोंधळ कुणी घालायचा याची वहिवाट आहे. पण नवरात्रात, कोजागिरीला, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आराध्यांचे, म्हणजे देवीच्या उपासकांचे, मेळे जे रात्र रात्र गातात, ते शब्द कुणी जुळवले असं विचारून पाहा. ‘जुनं हाय’, ‘आमच्या आजीच्या तोंडचं’, नाहीतर ‘आईनंच करून घेतलं’. पूर्वी कॅसेटच्या वेष्टणावर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर हेच उत्तर नीटनेटकं छापलेलं असतं : गीत – पारंपरिक.

माझा आक्षेप या छापील उत्तराला आहे. धाराशिव जिल्ह्यात आणि आसपास स्वतः गाणं जुळवून स्वतःच गाणारी, कुठल्या कंपनीच्या पदरी नसलेली माणसं पिढ्यान् पिढ्या होती आणि आजही आहेत. शहरात गिटार घेऊन नेमकं हेच करणाऱ्या पोराला आपण स्वतंत्र गायक-गीतकार म्हणतो, त्याची मुलाखत घेतो, गाणं सुचलं कसं ते विचारतो. आराध्याला मात्र परंपरेचा वाहक म्हणून नारळ देऊन वाटेला लावतो, जणू तो कुणा दुसऱ्याचं ओझं इकडून तिकडे नेतोय. हा फरक गाण्यातला नाही, गाणाऱ्याच्या पायरीचा आहे.

आराध्यांचं गाणं वाढतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं असतं. म्होरक्या पालुपद उचलतो. चौंडकं काखेत : लाकडी नळकांडं, एका तोंडाला चामडं, त्यातून ओवलेली तार दुसऱ्या हाताच्या मुठीत ताणलेली. तार ओढली की आवाज चढतो, सैल सोडली की घुमत खाली येतो. बाजूला तुणतुणं, झांज, कधी संबळ. मागचे झीलकरी पालुपद झेलतात, आणि ते झेलत असतात तेवढ्याच वेळात म्होरक्याला पुढचं कडवं जुळवायचं असतं. पाच-सहा कडवी पाठ असतात. त्यापुढचं त्या रात्रीचं असतं. त्यात यजमानाचं नाव येतं, लांबलेला पाऊस येतो, सोयाबीनचा पडलेला भाव येतो, घाटात बंद पडलेली गाडी येते, आणि या सगळ्यांतून वाट काढून गाणं पुन्हा आईच्या पायरीशी येतं. एखादं कडवं बसलेल्यांना भावलं तर कुणीतरी मान हलवतं, कुणी परडीत दहाची नोट टाकतं. पुढच्या वर्षी तेच कडवं पाठ असलेल्यांत जाऊन बसतं. आणखी वीस वर्षांनी त्याला आपण पारंपरिक म्हणतो.

समूहाला कडवं सुचत नाही. ते एकालाच सुचतं. समूह ते ठेवून घेतो किंवा टाकून देतो. ठेवून घेणं हेही मोठं काम आहे, त्याला निवडीची नजर लागते, पण जुळवण्याचं काम त्याहून वेगळं. या दोन कामांची गल्लत अभ्यासकांनीही भरपूर केली आहे. लोकगीत कुणा एकाचं नसतंच, ते लोकांतून आपोआप उगवतं, ही समजूत आपल्याला इतकी आपली वाटते की ती मुळात कुठली हे आपण विचारत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत याकोब ग्रिमसारख्यांनी ती मोठ्या आवेशानं मांडली होती. त्यांना राष्ट्राचा आत्मा शोधायचा होता, आणि आत्म्याला आडनाव असून चालत नाही. आपल्याकडे लोकसाहित्याचा अभ्यास रुजला तेव्हा ही समजूतही सोबत आली. त्यामुळे ‘कर्त्याचं नाव विचारणं ही पाश्चात्त्य खोड, आपली परंपरा निनावी’ असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. उलट आपल्या परंपरेला नाव घालायची चांगलीच सवय होती.

त्याचा दाखला याच जिल्ह्यात, तेरला आहे. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. रोमन व्यापाराच्या काळापासून त्याचं नाव नोंदलेलं आहे आणि तिथलं लामतुरे संग्रहालय पाहणाऱ्याला त्या वैभवाची कल्पना येते. पण वारकऱ्यांसाठी तेर म्हणजे गोरोबाकाका. मडकी घडवणारा, थापटण्यानं संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चं ठरवणारा हा कुंभार. त्यांच्या नावावरचे अभंग अगदी मोजके, वीसेक. पण त्या अभंगांच्या शेवटी त्यांचं नाव आहे आणि नावात त्यांचा धंदाही आहे. सातशे वर्षांनी, १० ते १२ जानेवारी २०२० ला उस्मानाबादेत (आजच्या धाराशिवात) ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्या नगरीला संत गोरोबाकाकांचंच नाव दिलं होतं. वीस गाण्यांवर एवढा काळ टिकलेला दुसरा गीतकार कुठल्या भाषेत असेल तर दाखवावा.

इथे जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. नाममुद्रा म्हणजे मालकी नव्हे. नामदेवांच्या नावावरचे कितीतरी अभंग पुढच्या शतकांतल्या विष्णुदासनाम्याचे आहेत. दुसऱ्याच्या नावावर आपला अभंग घालणं ही चोरी नव्हती, उलट त्या कुळात दाखल होणं होतं. मान्य. पण म्हणजे नाव घालण्याची जागा होती, ती रिकामी सोडलेली नव्हती, एवढं तर यातून ठरतं. गंगाखेडची जनाबाई दासी होती. तिच्याकडे ना जमीन, ना घराणं. तरी गाण्यात तिचं नाव आहे, कारण संप्रदायानं तिला ती जागा दिली. चोखोबांना देवळाच्या आत जागा नव्हती, अभंगाच्या शेवटच्या चरणात होती. शाहिरांचं तर विचारूच नका. होनाजी शिलारखाने कवनं करायचा आणि बाळा करंजकर गायचा, तर फडाचं नावच होनाजी-बाळा. करणारा आणि गाणारा, दोघांची नावं एका दमात घेतली जात. आजच्या किती ध्वनिमुद्रणांत ही साधी शिस्त पाळली जाते?

मग नाव पडलं नाही ते कुणाचं? जात्यावर बसलेल्या बाईचं. आराधिणीचं. पालावर राहणाऱ्या, गावाबाहेर थांबणाऱ्या गाणाऱ्यांचं. जिथे संप्रदाय पाठीशी होता किंवा फड होता तिथे नाव राहिलं. जिथे यातलं काही नव्हतं तिथे गाणं राहिलं आणि माणूस गेला. ओवीत बाई भावाचं नाव घेते, लेकाचं घेते, माहेरच्या गावाचं घेते, विठ्ठलाचं तर घेतेच. स्वतःचं घेत नाही. याला निरहंकार म्हणायची आपल्याला हौस आहे. मला तो निरहंकार वाटत नाही. जिला सातबाऱ्यावर नाव लावायची सवय नव्हती, ती ओवीवर कुठून लावणार?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा आठवावं लागतं. त्या १९५१ साली गेल्या तोवर त्यांची गाणी आसोद्या-जळगावच्या शेतांत आणि घरात होती. सोपानदेवांनी त्यांतली टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, १९५२ साली पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला कवयित्री मिळाली. मुलगा कवी नसता, त्यानं वही ठेवली नसती, तर यातली चार-दोन गाणी आज खानदेशी लोकगीतं म्हणून कुठल्यातरी संग्रहात असती, खाली नाव नसलेली. म्हणजे बहिणाबाई आणि लोकगीत यांच्यातलं अंतर एका वहीचं आहे. येरमाळ्यापासून जवळच्या बार्शीत हेच उलट बाजूनं दिसतं. १९१६ साली तिथे जन्मलेला मेहबूब पटेल पुढे शाहीर अमर शेख झाला. लाल बावटा कलापथकातून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून त्याचा आवाज लाखोंनी ऐकला, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्याचे काव्यसंग्रह निघाले. त्याला गाण्याचा वारसा मिळाला तो आई मुनेरबीकडून. मुलाच्या गाण्यावर मुलाचं नाव आहे. आईच्या गाण्यांवर कुणाचं?

इथवरचं बोलणं मानापानाचं झालं. आता पैशाचं बोलू, कारण निनावीपणाचा फटका बसतो तो तिथे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि देवीची गाणी गावोगाव पोचली. तुळजापूरच्या दुकानांत हळदी-कुंकवाच्या, कवड्यांच्या माळांच्या शेजारी कॅसेटच्या थप्प्या लागल्या. त्यांच्या वेष्टणावर गायकाचा फोटो असे, संगीत-संयोजकाचं नाव असे, कंपनीचं बोधचिन्ह असे. शब्दांच्या जागी ते छापील उत्तर. त्याआधी यात्रेत मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या याहून प्रामाणिक होत्या, असं माझं मत आहे. चार-आठ पानांची, पिवळट कागदाची ती चोपडी. गाण्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे, चाल अमुक गाण्याची. म्हणजे चाल उसनी घेतली हे उघड कबूल, आणि शब्द आपले म्हणून शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव, बहुतेक गावासकट. कुणाचं काय घेतलं आणि आपलं काय घातलं, याचा चोख हिशेब त्या पिवळ्या कागदावर होता.

शेवटच्या कडव्यातल्या या नावाचं महत्त्व वामनदादा कर्डकांइतकं कुणी ओळखलं नसेल. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ सालचा जन्म, शाळा नाही, अक्षरओळख मोठेपणी झालेली. आणि तरी आंबेडकरी चळवळीची हजारो गाणी या एका माणसाची. ते खेडोपाडी फिरून गायले. मराठवाड्यातले भीमगीतांचे मेळे त्यांच्याशिवाय उभेच राहत नाहीत. कंपनी नाही, ठरलेली मिळकत नाही. स्वतंत्र गायक-गीतकार म्हणतात तो हाच. त्यांनी गाण्यात ‘वामन’ असा काही गुंफला आहे की गाणाऱ्याला त्यांचं नाव गाळायचं तर अख्खं कडवं गाळावं लागतं. व्यासपीठावरून त्यांचा उल्लेख केला नाही तरी गाणंच तो करतं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरातांसारख्या गायिका एकतारीवर भीमगीतं गातात आणि मोबाइलवरून घराघरांत पोचतात, त्यामागे या परंपरेचं बळ आहे.

पण तंत्रानं घाव घातला तो नेमका इथेच. कॅसेटच्या एका बाजूला चार-पाच गाणी बसवायची म्हणून कडवी कमी झाली, आणि कापली गेली ती शेवटची. आता तर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात पालुपद आणि एखादं कडवं, संपलं. मुद्रा शेवटी घालण्याची पद्धत ज्या काळात पडली त्या काळात गाणं शेवटपर्यंत ऐकलं जात होतं. आज मुद्रेपर्यंत कुणी पोचतच नाही. कुणी मुद्दाम नाव पुसलं असं नाही. गाणं आखूड झालं आणि नाव बाहेर पडलं.

कायदा इथे काय करतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि त्यासाठी आधी नोंदणी करावी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक चांगली गोष्ट केली : गीतकारानं हक्क कंपनीला विकले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्यासाठी १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था आहे. हे सगळं ज्याचं नाव लागलं आहे त्याच्यासाठी. लोकपरंपरेतल्या रचनांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तेव्हा एकदा का छापील उत्तर शब्दांच्या जागी बसलं, की त्या गाण्याला ना हयात, ना वारस, ना वाटा. त्या ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र कंपनीकडे राहते, तीही ६० वर्षं. ज्याची सगळ्यांत जुनी गुंतवणूक, त्याचं खातंच उघडलेलं नाही.

अमेरिकेतल्या डोंगराळ भागातही हेच झालं, आणि ते वाचताना आपलंच काही वाचतोय असं वाटतं. व्हर्जिनियाचा ए. पी. कार्टर १९२७ नंतर गावोगाव फिरून गाणी गोळा करायचा. त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द लिहून घ्यायचा, रिडल चाल कानात साठवायचा. गोळा झालेली बरीच गाणी कार्टरच्या नावावर नोंदली गेली. ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ती आली त्यांची नावं राहिली नाहीत, आणि रिडलला लोकांनी ओळखलं ते फार उशिरा. पुढे लोकगायक वुडी गथ्रीनं १९४० साली आपलं सर्वांत गाजलेलं गाणं लिहिलं ते कार्टर कुटुंबाच्या एका भजनाच्या चालीवर. गथ्रीला कुणी चोर म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. चाल उचलून नवे शब्द घालणं हा लोकगायकाचा जन्मसिद्ध धंदा आहे, आपला चोपडीवालाही तेच करत होता. फरक इतकाच की चोपडीवाला डोक्यावर लिहून टाकायचा, चाल कुणाची.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा : प्रत्येक कडव्याला धनी सापडला तर गाणं वाहायचं थांबेल. आराधीण दुसरीचं कडवं उचलायला कचरेल, मेळ्याला वकील लागेल. ही भीती मला खरी वाटते. मात्र गाणं अडवायला लागलेत ते आराधी नव्हेत. आजच गावातल्या पोरानं जुन्या चालीवर स्वतःचं गाणं मोबाइलवर चढवलं, तर त्यावर एखाद्या कंपनीचा दावा येऊन पडू शकतो, कारण यंत्राला चाल जुळलेली कळते, ती मुळात कुठून आली ते कळत नाही. म्हणजे कुलूप लागलंय आणि किल्ली तिसऱ्याकडे आहे. मी नाव मागतोय, कुलूप नव्हे. नाव सांगून कुणीही गावं, कडवी वाढवावीत, बदलावीत. पैसा झाला तर वाटा निघावा. वारकऱ्यांनी शतकानुशतकं तुकोबांचा, गोरोबांचा अभंग नाव घेऊन गायला, आणि त्यानं वारी अडली नाही.

‘स्वतंत्र’ या बिरुदाबद्दलही भाबडं राहायला नको. गोंधळ्याला हक्काची घरं होती, म्हणून तो उपाशी राहत नव्हता, पण नाही म्हणायची सोयही त्याला नव्हती. आजच्या गायकाला नाही म्हणता येतं. मग सुपारी नसते. नवरात्रात मंडळ म्हणेल ते गायचं, निवडणुकीत उमेदवाराच्या नावानं त्याच चालीवर गायचं, लग्नात डीजेच्या आधी अर्धा तास उरकायचं. यातलं काही केल्याशिवाय धाराशिव-कळंब-परंड्याकडच्या गायकाचं घर चालत नाही, आणि त्यासाठी त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी पाच हजार रुपये देऊन त्याचं स्वतःचं गाणं ऐकायला यावं. सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देतं, २०२४ पासून ते ५,००० रुपये झालं आहे. चांगलं आहे. पण तिथे कलाकार असल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि जिची चाळीस वर्षांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात ‘पारंपरिक’ म्हणून निघाली, तिनं कोणता कागद जोडायचा?

राहिलं ते ‘आईनंच करून घेतलं’ हे उत्तर. त्याची थट्टा करायचं कारण नाही. गळ्यात कवड्यांची माळ घालून, परडी हातात घेऊन जोगवा मागणाऱ्या बाईनं आपलं गाणं देवीच्या पदरात टाकलं असेल, तर तो तिचा अधिकार आहे, आणि तिच्या नावासाठी मी तिच्याशी हुज्जत घालणार नाही. पण देवीच्या पदरात टाकलेलं गाणं कंपनीच्या पदरात कसं पडलं, हे तर विचारता येतं. देवाला वाहिलेला दागिना देवस्थानच्या वहीत चढतो, त्याचं वजन होतं, वाहणाऱ्याच्या नावानं पावती फाटते. तुळजापूर आणि येरमाळ्याच्या देवस्थानांनी, नाहीतर जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागानं, नवरात्रातल्या नऊ रात्री बसून गाण्यांची अशीच वही ठेवावी. कडवं कुणाच्या तोंडून ऐकलं, ती कुठल्या गावची, तिनं ते कुणाकडून घेतलं, त्यातलं तिचं किती, आणि नाव नको म्हणाली असेल तर तसंही लिहावं. मग पुढच्या वेळी ध्वनिमुद्रणवाला ‘पारंपरिक’ लिहायला निघाला, तर त्याच्यासमोर ती वही ठेवता येईल, आणि रॉयल्टीच्या रकान्यात त्या गावच्या मेळ्याचं नाव घालायला सांगता येईल.